सुई आणि खड्डा

माझ्या आजोबांच्या बोलण्यात ‘मानमोडी’ हा शब्द दोन प्रसंगी यायचा. एक, १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाची गोष्ट निघाली की. तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. त्यांच्या आठवणीत एवढेच उरले होते की त्या वर्षी दिवाळीला आमच्या गल्लीत दिवे लागले नाहीत आणि घरातली दोन माणसे एकाच आठवड्यात गेली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा त्या साथीत हिंदुस्थानातल्या सर्वांत होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि आमचा वर्धा जिल्हा त्यातच मोडत होता. दुसरा प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एकदा, बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी यायचा. अंगणातल्या कोंबड्या एकाएकी पंख पाडून बसायच्या, हिरवट हगायच्या, एखादीची मान पिळल्यासारखी वाकडी व्हायची आणि दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे. आजोबा ओसरीवरूनच म्हणायचे, ‘मानमोडी आली.’

माणसांच्या आणि कोंबड्यांच्या साथीला एकच शब्द का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो पडला २००६ च्या फेब्रुवारीत, नवापूरच्या बातम्या वाचताना. पण त्याआधी १९७४ च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग सांगायला हवा, कारण या लेखाचा धागा तिथून सुरू होतो.

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी काकूकडे वीसेक कोंबड्या होत्या. काकांची बैलजोडी होती, दोन गायी होत्या आणि त्यांचा हिशेब काकांकडे. कोंबड्यांचा हिशेब काकूकडे. अंडी विकून, सणावाराला कोंबडा विकून येणारा पैसा डब्यात जायचा. त्या डब्याला काका हात लावत नसत. त्या वर्षी मृगाच्या आधी घटसर्प-फऱ्याच्या लसी टोचायला सरकारी माणूस गावात आला. चावडीसमोर ढोरे उभी केली होती. नेमक्या त्याच आठवड्यात काकूच्या कोंबड्या मरायला लागल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा. मोठ्या उत्साहाने म्हणालो, काकू, तो डॉक्टर आला आहे, त्याला सांगू या का? काकू खराट्याने मेलेल्या कोंबड्या एका जागी लोटत होती. म्हणाली, ‘ढोराच्या डाक्टरले कोंबडी काय दाखवतं बाप्पा? त्यायले ढोरं दिसते, कोंबड्या नाही दिसत.’

वीसपैकी तीन उरल्या. त्याची नोंद कुठेच झाली नाही. पुढे इतिहास शिकवताना आणि जुन्या कागदांच्या मागे हिंडताना मला काकूचे वाक्य वारंवार आठवले. सरकारला ढोर कधी दिसले, कोंबडी कधी दिसली आणि दिसली तेव्हा सरकारने काय केले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ढोर आधी दिसले, आणि ते बुळकांडीमुळे. एकोणिसाव्या शतकात या रोगाने देशभर गुरांचे कळप साफ होत होते. शेतसारा बैलाच्या मानेवर उभा असतो, हे कंपनी सरकारलाही कळत होते आणि नंतरच्या राणी सरकारलाही. १८७१ साली गुरांच्या साथींबाबत नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. पुण्याच्या हवेत आणि वस्तीत असे जंतू बाळगणे बरे नाही म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. १८९७ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख तिथे बुळकांडीवर काम करून गेले.

इंग्लंडमध्ये १८६५-६६ साली हीच बुळकांडी आली तेव्हा तिथल्या सरकारने सरळ मार्ग धरला होता : रोगी जनावर आणि त्याच्या संगतीतले जनावर मारा, पुरा, मालकाला काही रक्कम द्या. युरोपात ही रीत अठराव्या शतकापासूनची, पोपच्या राज्यातली. हिंदुस्थानात तसे करणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. गाय मारून साथ थांबवायची म्हटले असते तर साथीपेक्षा मोठा वणवा पेटला असता. मार्ग एकच उरला, सुईचा. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकाअखेरीस बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्याची लस बनवली. १९५४ पासून देशव्यापी मोहीम चालली. १९९५ नंतर देशात बुळकांडी दिसली नाही. गाव, वाडी, पाडा, हाट, बैलबाजार असे करत अर्धे शतक टोचून टोचून एक रोग संपवला, आणि त्यासाठी कळपच्या कळप मारावे लागले नाहीत. आपल्याकडच्या सरकारी कामांत अभिमानाने सांगाव्यात अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे. तिच्याबद्दल आपण फारच कमी लिहिले आहे.

याच एडवर्ड्स यांचे नाव कोंबड्यांच्या इतिहासातही येते. १९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला कोंबड्यांचा एक नवा मारक रोग नोंदला गेला. त्यानंतर लवकरच तो कुमाऊँतल्या राणीखेत छावणीजवळ आढळला. एडवर्ड्स यांनी त्याचे वर्णन केले आणि रोगाला गावाचे नाव चिकटले. आमच्या आजोबांची कोंबड्यांची मानमोडी ती हीच, राणीखेत. तिच्यावरही १९४० च्या दशकात मुक्तेश्वरलाच लस तयार झाली, आणि आजही राज्यात ती बनते व वापरली जाते. म्हणजे काकूच्या कोंबड्या मेल्या तेव्हा लस नव्हती असे नाही. लस तीस वर्षांपूर्वीच निघाली होती. पण तिची एक कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची, ती बर्फात ठेवायची, फोडली की काही तासांत संपवायची. वीस कोंबड्यांच्या बाईसाठी ती कुपी कोण फोडणार? लस कोंबडी फार्मसाठी होती. अंगणासाठी नव्हती.

वर्ध्यात राहणाऱ्याला इथे थोडे थांबावेसे वाटते. पशुधनाच्या विचारात या जिल्ह्याचे नाव देशात पुढे आहे, पण ते गायीमुळे. गवळाऊ ही आमच्या आर्वी-कारंजा भागातली जात. हेटीकुंडीचे सरकारी प्रक्षेत्र तिच्यासाठी. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघ उभारला आणि आयुष्याचे शेवटचे महिने गोपुरीत त्याच कामाला दिले. कोंबडीचा विचार त्या वातावरणात येणे अवघडच होते. तरी गंमत अशी की खुद्द गांधीजींनी तिला अगदीच वगळलेले नाही. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकात ते म्हणतात की कोंबड्याच्या संगाशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, तेव्हा ज्याला दूध चालते त्याने असे अंडे नाकारण्याचे कारण नाही. त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या सुशीला नायर यांनी पुढे सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. पण गांधीजींच्या त्या चार ओळींचा पाठपुरावा वर्ध्यात कोणी केल्याचे मला आढळले नाही. चळवळीला गाय दिसली, सरकारला बैल दिसला. कोंबडी सगळ्यांच्या पायांतून इकडेतिकडे फिरत राहिली.

तिच्याकडे सरकारचे लक्ष खऱ्या अर्थाने गेले ते ती माणसाला मारू शकते असे कळल्यावर. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात बदकवर्गातल्या एका हंसात एच-५-एन-१ हा विषाणू सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये तो अठरा माणसांना झाला आणि सहा दगावली. वर्ष संपता संपता तिथल्या सरकारने शहरातल्या झाडून सगळ्या कोंबड्या मारल्या, दहा लाखांहून जास्त. साथ थांबली. युरोपात गुरांसाठी वापरलेली खड्ड्याची जुनी रीत आता कोंबड्यांच्या बाबतीत जगाने आदर्श म्हणून उचलली. २००३-०४ मध्ये विषाणू आग्नेय आशियात पसरला तेव्हा तीच रीत वापरली गेली. २००५ च्या अखेरीस दिल्लीतही तिची कागदी तयारी झाली होती.

आणि मग नवापूर. नंदुरबार जिल्ह्यातले, गुजरातच्या अगदी सीमेवरचे गाव. त्याचे रेल्वे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. एकाच बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. तालुका आदिवासीबहुल, आणि गावाभोवती पन्नासेक मोठे कोंबडी फार्म. २००६ च्या जानेवारीअखेर तिथे कोंबड्या मरायला लागल्या, हजारांनी. राणीखेत असेल असे सगळ्यांनी धरले. यात मूर्खपणा नव्हता. दोन्ही रोगांत कोंबडी जवळजवळ सारखीच मरते, माझ्या आजोबांनीही मानमोडीच म्हटले असते. पण या समजुतीत तीन आठवडे गेले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला, एका शनिवारी, राज्याचे तेव्हाचे पशुसंवर्धन मंत्री, नागपूरचे अनीस अहमद यांनी जाहीर केले की हा बर्ड फ्लू आहे. भारतातला पहिला.

दुसऱ्या दिवसापासून मारणे सुरू झाले. फार्मभोवती तीन किलोमीटरचे वर्तुळ आखले गेले आणि त्यातला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा ठरला. बाहेरून पथके आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे प्लास्टिकचे कपडे, चष्मे, मुखपट्ट्या, रोज टॅमीफ्लूची गोळी. ज्या माणसांनी नोकरीभर जनावरे वाचवण्याचे काम केले होते, त्यांनी दिवसाला हजारो माना मुरगळल्या. मानमोडी या शब्दाला त्या आठवड्यात तिसरा अर्थ मिळाला. खोल खड्डे, चुना, माती. मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यातल्या गावांत आणि पलीकडे बऱ्हाणपूरकडे निघाला. तिथेही तेच झाले. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश मिळून दहा लाखांवर पक्षी मारले गेले. ज्या शेकडो माणसांची तपासणी झाली त्यांत एकालाही लागण आढळली नाही. ११ ऑगस्टला देश रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला बुळकांडीमुक्त ठरवले होते. सुईचा विजय आणि खड्ड्याची सुरुवात एकाच वर्षात, एकाच खात्याच्या खात्यावर जमा झाली. पहिल्या बातमीला वर्तमानपत्रांनी दिलेली जागा मला कात्रणांत शोधावी लागली. दुसरीने आठवडेच्या आठवडे पहिले पान व्यापले होते.

वर्ध्याला आम्ही नवापूरपासून कितीतरी दूर. तरी त्या आठवड्यात इथल्या कोंबडीच्या दुकानांची शटरे अर्धी खाली आली. भाव निम्म्यावर, मग त्याहून खाली. सावजीच्या खानावळींत फक्त मटण आणि पाटोडी. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात आचाऱ्याने ऐनवेळी चिकन काढून वांग्याची भाजी वाढवली आणि पाहुण्यांनी सुटकेचा श्वास टाकला. रेल्वेने डब्यातले ऑम्लेट बंद केले. मग नेत्यांनी छायाचित्रकारांसमोर तंगडी खाण्याचे कार्यक्रम झाले. नीट शिजवलेल्या मांसातून रोग होत नाही हे खरेच होते, पण मंत्र्याने खाऊन दाखवले की लोकांचा संशय वाढतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

काही वर्षांनी एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी नवापूरला गेलो. रंगावलीच्या काठाने फिरताना कोणी सांगितले म्हणून खड्ड्यांची जागा पाहायला गेलो. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते, गवत होते. पण बोलता बोलता जे कानावर आले ते महत्त्वाचे वाटले. फार्मवाल्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, त्यांचे नुकसान, त्यांची कर्जे, अर्ज, बैठका. वर्तुळात सापडलेल्या पाड्यांवरच्या आठ-दहा कोंबड्यांची गोष्ट सांगणारे मला एकच वयस्कर जोडपे भेटले. त्यांना पैसे मिळाले होते. त्यांची तक्रार पैशांची नव्हती. त्यांच्या कोंबड्या आजारी नव्हत्या, हे ते दोघे मला आळीपाळीने पुनःपुन्हा सांगत होते.

इथे भरपाईच्या हिशेबाकडे वळायला हवे, कारण सरकार कोंबडीकडे कसे पाहते ते भाषणांपेक्षा त्या तक्त्यात स्वच्छ दिसते. नवापूरच्या वेळी मोठ्या पक्ष्याला तीस-चाळीस रुपये, पिल्लाला दहा. त्या मोहिमेची एकूण भरपाई पावणेतीन कोटींच्या आसपास गेली. भागाकार केला तर पक्ष्यामागे सव्वीस रुपये पडतात. २०२१ च्या साथीत महाराष्ट्राने जाहीर केलेले दर असे : अंडी देणारी, आठ आठवड्यांवरची कोंबडी ९० रुपये, त्याखालची २०, मांसाची, सहा आठवड्यांवरची ७०, त्याखालची २०, अंडे ३ रुपये, खाद्य किलोला १२. तक्ता नीटनेटका आहे. पण तो फार्मच्या कोंबडीचा आहे. फार्मचा पक्षी दीड महिन्यात विक्रीला येतो. गावठी कोंबडी त्या वयात अजून आईच्या मागे फिरत असते. ती मोठी होते, खुडूक बसते, दहा-बारा पिल्ले काढते, त्यातली निम्मी घार आणि मांजर नेते, उरलेली पुन्हा अंडी घालतात. काकूच्या डब्यातला पैसा हा असा वर्षानुवर्षे फिरत होता. शिवाय बाजारात गावठी कोंबडी फार्मच्या कोंबडीपेक्षा कितीतरी महाग जाते, हे कोणत्याही आठवडी बाजारात विचारून पाहावे. तिची भरपाई फार्मच्या भावाने झाली तर तो निम्मा व्यवहारही होत नाही.

दुसरी अट याहून मोठी आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबडीची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीची नाही. यामागचा विचार उघड आहे : पालकाने लवकर कळवावे, लपवू नये. ज्याच्या फार्मवर पाच हजार पक्षी आहेत त्याला हा हिशेब कळतो. पाचशे मेले की कळवले तर साडेचार हजारांचे पैसे येतात. ज्या बाईच्या दहा कोंबड्या आहेत तिच्या घरी रोग आला तर दोन दिवसांत आठ मरतात. कळवायचे कशासाठी? उरलेल्या दोनांसाठी? आणि कळवले तर तिच्यामुळे शेजारणींच्या सगळ्या जाणार. गावात तोंड दाखवायला जागा राहील का? २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बेचाळीस लाखांवर पक्षी मारले गेले, तेही बहुतेक घरोघरचे. तिथे लोक कोंबड्या पलंगाखाली लपवत होते, रात्रीतून पाहुण्यांच्या गावी पोचवत होते. रोगही त्यांच्याबरोबर प्रवास करत होता. अधिकाऱ्यांनी याला अज्ञान म्हटले. मला ते चोख हिशेब वाटतात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. खड्ड्याला विरोध करणे सोपे आहे आणि मी तसा करत नाही. हा विषाणू माणसाला क्वचित होतो, पण झाला तर मारतो. २०२१ च्या जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणाचा अकरा वर्षांचा मुलगा याच रोगाने गेला. देशातला तो पहिला नोंदलेला मृत्यू. कोंबड्यांत विषाणू फिरत राहिला तर तो बदलत राहतो, आणि १९१८ ची मानमोडीही मुळात पक्ष्यांकडच्या विषाणूचीच नातेवाईक होती असे शास्त्रज्ञ मानतात. आजोबांच्या शब्दात योगायोगाने हे नाते आधीच पकडले होते. त्यामुळे नवापूरला घाईने मारले ते चूक होते असे मला म्हणवत नाही. तीन आठवड्यांचा उशीर हीच तिथली चूक होती.

मग सुई का नाही, हा प्रश्न बुळकांडीचा इतिहास वाचणाऱ्याला पडतोच. पक्ष्यांसाठी एच-५ ची लस आहे. चीन ती वर्षानुवर्षे देतो. फ्रान्सने २०२३ च्या ऑक्टोबरपासून बदकांना टोचायला सुरुवात केली. आपण देत नाही, आणि कारणे पोकळ नाहीत : टोचलेला पक्षी मरत नाही पण विषाणू गुपचूप पसरवू शकतो, रोग आला तरी दिसत नाही, निर्यात अडते, आणि दीड महिना जगणाऱ्या पक्ष्याला टोचण्याचा खर्च परवडत नाही. ही सगळी कारणे फार्मच्या बाजूने मांडलेली आहेत हे खरे, पण त्यातले गुपचूप पसरण्याचे कारण अंगणालाही लागू पडते. शेवटी फरक उरतो तो हा : बैलाला मारता येत नव्हते म्हणून सरकारला अर्धे शतक सुई घेऊन हिंडावे लागले. कोंबडीला मारता येते. तिच्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

नवापूरनंतर सरकार शिकलेच नाही, असे नाही. २००९ मध्ये जनावरांच्या साथींसाठी देशभराचा एक कायदा झाला. तोवर घोड्यांच्या रोगांसाठी १८९९ आणि १९१० साली केलेले दोन ब्रिटिश कायदे अजून पुस्तकात होते. कोंबडीच्या रोगासाठी धावपळ करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताशी घोड्यांचे कायदे असावेत, यात आपल्या राज्यकारभाराचा बराच इतिहास आला. मारण्याचे वर्तुळही लहान झाले. तीन किलोमीटरचे पुढे एक किलोमीटर झाले, त्याबाहेर दहा किलोमीटरपर्यंत फक्त पाहणी. कागदावर हा फरक दोन किलोमीटरचा, पण वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर ते नऊ पटींनी आटले. नऊपैकी आठ अंगणे वाचली. सुज्ञपणाचा निर्णय.

तरी वर्तुळ ते वर्तुळच. आमच्या गावची जुनी माणसे साथ आली की मरीमायची पूजा करून कोंबडी उतरवत आणि ती शिवेबाहेर नेऊन सोडत. इडापिडा पुढच्या गावाला. त्यात पुढच्या गावाचा विचार नव्हता, हे खरेच. पण शीव सगळ्यांना माहीत होती. ती नाल्याने, बाभळीने, दगडाने ठरलेली होती. नकाशावर कंपासने आखलेले वर्तुळ एका घराच्या मधून जाते. अलीकडच्या कोंबड्या मरतात, पलीकडच्या जगतात, आणि का ते कोणालाच पटत नाही.

२०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्याला रोग निघाला. तो फार्म महिलांच्या बचत गटाचा होता. नऊशेच्या आसपास कोंबड्या आधी मेल्या, मग वर्तुळातल्या हजारो मारल्या गेल्या. ती बातमी वाचताना काकूचा डबा आठवला. सरकारनेच इतकी वर्षे बायकांना सांगितले होते की अंगणातून बाहेर या, गट करा, कर्ज घ्या, शेड बांधा. त्यांनी बांधली. कोंबडीची भरपाई तक्त्यात असते. शेड तीन महिने रिकामी ठेवावी लागते तिची नसते, कर्जाच्या हप्त्याची नसते. मोठ्या कंपन्यांच्या कराराने पक्षी वाढवणाऱ्यांची तर आणखी वेगळी अडचण : पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, शेड आणि राबणे शेतकऱ्याचे. पक्षी मेला तर नेमके कोणाचे काय मेले?

मग रोग आमच्या दिशेने सरकला. २०२४ च्या मार्चमध्ये नागपूरला, सेमिनरी हिल्सवरच्या सरकारच्याच अंडी उबवणी केंद्रात कोंबड्या मेल्या आणि उरलेल्या हजारो पक्षी व अंड्यांची सरकारने स्वतः विल्हेवाट लावली. परसबागेतल्या कोंबडीपालनासाठी पिल्ले जिथून निघायची, तिथेच. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. जानेवारीत ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीला कोंबड्यांत रोग सापडला, उदगीरला कावळे पडले. वाघांच्या मृत्यूने मात्र सगळे हलले. वाघ सरकारला नेहमीच स्वच्छ दिसतो.

देशातल्या कोंबड्या मोजल्या जातात. २०१९ च्या पशुगणनेत त्या पंच्याऐंशी कोटी भरल्या, आणि त्यातल्या जवळजवळ बत्तीस कोटी परसातल्या. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या कोंबड्या पंचेचाळीस टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. त्या खरोखर वाढल्या की आता कुठे दिसू लागल्या, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

पुढची गणना २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाली आणि हिवाळाभर चालली. म्हणजे बरोबर गोरेवाडा आणि मांगलीच्या बातम्यांच्या दिवसांत. जानेवारीअखेर मी गावी गेलो होतो. काकू आता नाही. घर चुलतभावाची सून सांभाळते. अंगणात कोंबड्या आहेत, काकूच्याच वाणाच्या असे ती म्हणते. आम्ही चहा घेत असताना हातात मोबाईल घेतलेला गणनेचा पोरगा आला. वागायला अदबशीर होता. बैल किती, गायी किती, शेळ्या किती, ती भराभर सांगत गेली. कोंबड्या म्हटल्यावर ती थबकली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, ‘दोन हायेत भाऊ. त्याबी म्हाताऱ्या.’

त्याने दोन लिहून घेतल्या आणि तो पुढच्या घरी गेला. तो फाटकाबाहेर पडल्यावर तिने न्हाणीमागच्या डालग्यावरचे पोते काढले. त्यातून अकरा बाहेर आल्या.